घराचे कर्ज आणि प्राप्तिकर



जानेवारी महिना उजाडला की आमच्या शाळेच्या शिक्षक-दालनात दरवर्षी एक ठरलेला देखावा दिसतो. कार्यालयातून एक कागद फिरतो. वर्षभरात केलेल्या बचतीचे आणि भरलेल्या व्याजाचे पुरावे अमुक तारखेच्या आत सादर करावेत, नपेक्षा उरलेल्या पगारातून कर कापला जाईल, असा त्याचा मजकूर असतो. मग विम्याच्या पावत्यांची शोधाशोध सुरू होते, मुलांच्या फीचे कागद घरून येतात, आणि एरवी व्याकरणावर किंवा क्रिकेटवर बोलणारी माणसे चार दिवस केवळ करावर बोलू लागतात.

अशाच एका मधल्या सुटीत आमच्या एका तरुण सहकारी बाईंना एका ज्येष्ठ शिक्षकांनी सल्ला दिला. "बाई, घर घेऊन टाका. तीस लाखांचे कर्ज काढा. कर वाचेल तो वाचेल, घर फुकटात पडेल." बाई कोलार रस्त्यावर चौदा हजार रुपये भाड्याच्या घरात राहतात. वार्षिक वेतन सुमारे ९ लाख रुपये. त्यांनी एक सदनिका पाहून ठेवलीच होती. या सल्ल्याने त्यांचे मन जवळजवळ ठरले. मी गणित शिकवते, म्हणून त्यांनी मला एवढेच विचारले की हा हिशेब खरा आहे काय. तो मांडता मांडता जे हाती आले तेच आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

प्रथम थोडे आमच्या गावाविषयी. भोपाळच्या मराठी माणसाला स्वतःच्या घराचा प्रश्न तसा उशिराच पडला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेश नव्याने घडला, राजधानी भोपाळास आली, आणि नागपूरच्या सरकारी कचेऱ्यांतून कितीतरी मराठी कुटुंबे दप्तरांच्या मागोमाग येथे येऊन दाखल झाली. त्यांना तात्या टोपे नगरात सरकारी घरे मिळाली. त्याच सुमारास अवजड विद्युत यंत्रांचा कारखाना, म्हणजे आजचे 'भेल', उभा राहिला आणि त्याच्याभोवती पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा या वसाहती झाल्या. माझे वडील त्याच कारखान्यात होते. माझे बालपण बरखेड्याच्या क्वार्टरात गेले. अशा घराचा एक गुण आणि एक अवगुण असतो. ते नोकरीबरोबर येते आणि नोकरीबरोबर जाते. निवृत्तीची तारीख जवळ आली की आमच्या वडिलांच्या पिढीतील माणसे भविष्यनिर्वाह निधीची रक्कम मोजीत आणि साठाव्या वर्षी वीट रचावयास निघत. कर्ज या शब्दाला ती मंडळी बिचकत. तात्या टोपे नगरातील ती जुनी घरेही अलीकडे बरीचशी पाडली गेली. माझ्या पिढीने मात्र उलटी वाट धरली. आम्ही तिशी-पस्तिशीत कर्ज काढतो आणि निवृत्तीपर्यंत हप्ते फेडतो. हप्त्याला येथे सगळे 'किस्त' म्हणतात आणि खरेदीखताला 'रजिस्ट्री'. मराठीत ज्याला आपण प्राप्तिकर म्हणतो तो येथील पाट्यांवर 'आयकर' या नावाने लिहिलेला असतो. नाव कोणतेही असो, कर्ज आणि कर यांची सांगड लोकांच्या मनात पक्की बसलेली आहे.

ती सांगड कशी घातली गेली, हे पाहण्यापूर्वी एका शब्दाचा घोळ दूर केला पाहिजे. 'दोन लाखांची सूट मिळते' असे आपण सर्रास बोलतो आणि ऐकणाऱ्याला वाटते की कर दोन लाखांनी कमी होतो. तसे नाही. कायद्यात आहे ती वजावट. ती आपल्या उत्पन्नातून वजा होते, करातून नव्हे. उत्पन्न दोन लाखांनी कमी धरले गेले, म्हणजे त्या दोन लाखांवर जो कर पडला असता तेवढाच वाचतो. जुन्या करप्रणालीत ज्याच्या उत्पन्नाचा वरचा थर २० टक्क्यांच्या पट्ट्यात आहे, त्याचे अधिभारासह शंभर रुपयांमागे २० रुपये ८० पैसे वाचतात. ३० टक्क्यांच्या पट्ट्यात असेल त्याचे ३१ रुपये २० पैसे. अतिश्रीमंतांवरचा जादा आकार मी सोडून देते. ती मंडळी माझे भाषण ऐकत बसणार नाहीत. याचा अर्थ असा की कर वाचविण्यासाठी जो शंभर रुपये व्याज भरतो, त्याच्या खिशातून फार अनुकूल स्थितीतही ६८ रुपये ८० पैसे जातातच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, त्यातला हा प्रकार.

आता नियम. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम २४ प्रमाणे, राहत्या घराच्या खरेदीसाठी किंवा बांधणीसाठी घेतलेल्या कर्जाचे व्याज वर्षाला २ लाख रुपयांपर्यंत उत्पन्नातून वजा करता येते. केवळ दुरुस्तीसाठी कर्ज असेल तर मर्यादा ३० हजारांची. मुद्दलाची जी परतफेड होते तिची तरतूद वेगळी आहे. ती कलम ८०-सी मध्ये येते आणि तेथे १ लाख ५० हजारांची एकत्रित मर्यादा आहे. खरेदीच्या वर्षी भरलेले मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्कही याच मर्यादेत बसते. प्राप्तिकराचा नवा कायदा २०२५ मध्ये संमत झाला आणि त्याच्या अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६ ठरली. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, परंतु या वजावटींचा गाभा तसाच राखला आहे. आपल्या जिभेवर जुने क्रमांक बसले आहेत म्हणून मी तेच वापरते.

'एकत्रित मर्यादा' या शब्दांवर क्षणभर थांबावे. त्या दीड लाखांत भविष्यनिर्वाह निधीची आपली वर्गणी येते, आयुर्विम्याचा हप्ता येतो, दोन मुलांपर्यंतची शाळेची फी येते. आमच्या सहकारी बाईंचेच उदाहरण घ्या. त्यांच्या पगारातून भविष्यनिर्वाह निधीसाठी वर्षाला ७२ हजार जातात. विम्याचे ३० हजार. मुलीची फी ४८ हजार. बेरीज बरोबर दीड लाख. मर्यादेचे मडके काठोकाठ भरलेले आहे. त्यात मुद्दलाच्या परतफेडीचा एक थेंबही मावावयाचा नाही. पगारदार माणसाच्या बाबतीत असे वारंवार घडते, आणि तरीही कर्जाचा सल्ला देणारे दोन लाख अधिक दीड लाख अशी साडेतीन लाखांची बेरीज बेधडक सांगत सुटतात.

आता त्या तीस लाखांकडे वळू. व्याजाचा दर साडेआठ टक्के धरू आणि मुदत वीस वर्षांची. महिन्याचा हप्ता सुमारे २६ हजार ३५ रुपये येतो, वर्षाला ३ लाख १२ हजारांच्या घरात. पहिल्या वर्षी यातले सुमारे २ लाख ५२ हजार ७०० रुपये निव्वळ व्याज असते आणि मुद्दल फिटते ते जेमतेम ५९ हजार ७००. म्हणजे पहिल्याच वर्षी पन्नास हजारांहून अधिक व्याज वजावटीच्या मर्यादेबाहेर सांडते. पुढे व्याज हळूहळू घटते. नवव्या वर्षी ते दोन लाखांच्या खाली येते, आणि विसाव्या वर्षी अवघे १४ हजारांच्या आसपास उरते. तेव्हा 'वीस वर्षे दरसाल दोन लाख' ही कल्पनाही खरी नाही. वीस वर्षांत एकंदर व्याज सुमारे ३२ लाख ४८ हजार होते. घेतले तीस, फेडले साडेबासष्ट.

एवढे झाल्यावर बाईंचा कर मांडला. जुन्या प्रणालीत वेतन ९ लाख; त्यातून प्रमाणित वजावट ५० हजार आणि ८०-सी चे दीड लाख वजा जाता करपात्र उत्पन्न ७ लाख. त्यावर अधिभारासह कर ५४ हजार ६०० रुपये. घराचे कर्ज घेतले आणि व्याजाचे दोन लाख वजा केले की उत्पन्न नेमके ५ लाखांवर येते, आणि पाच लाखांपर्यंत करमाफी असल्याने कर शून्य! आमचे ज्येष्ठ शिक्षक म्हणत होते ते या मापाने अक्षरशः खरे होते. त्यांनी स्वतः याच मार्गाने कित्येक वर्षे कर वाचविला होता.

परंतु माप बदलले आहे. २०२० च्या अर्थसंकल्पात एक नवी करप्रणाली आली. तीत दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत. प्रारंभी ती ऐच्छिक होती. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तीच मूळ प्रणाली ठरली, म्हणजे आपण काही न सांगितल्यास आपला कर तिच्याप्रमाणे मोजला जातो. आणि २०२५ च्या अर्थसंकल्पाने तीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर संपूर्ण करमाफी दिली. पगारदारांना ७५ हजारांची प्रमाणित वजावट निराळी. तेव्हा ज्याचे वेतन पावणेतेरा लाखांपर्यंत आहे, त्याला या प्रणालीत वेतनावर करच नाही. बाईंचे वेतन ९ लाख. त्यांनी एक रुपया कर्ज न काढता, विम्याची एक पावती न दाखवता, त्यांचा कर शून्य होतो. जे शून्य गाठण्यासाठी त्या अडीच लाख रुपये व्याज भरावयास निघाल्या होत्या, ते शून्य त्यांच्या दारात आधीच येऊन उभे होते.

या नव्या प्रणालीत राहत्या घराच्या कर्जावरील व्याजाची वजावट मुळीच नाही आणि मुद्दलाचीही नाही. ही गोष्ट इतकी साधी असून अजून पुष्कळांच्या कानावर गेलेली नाही. घर विकणाऱ्यांच्या जाहिरातींत ती सहसा दिसत नाही, आणि का दिसत नाही हे विचारण्याचे कारण नाही.

ज्यांचे वेतन अधिक आहे त्यांचे काय? माझ्या यजमानांच्या कार्यालयातील एका गृहस्थांसाठी मी हाच हिशेब १८ लाखांवर मांडला. नवीन प्रणालीत २०२५-२६ च्या दरांनी त्यांचा कर अधिभारासह १ लाख ५० हजार ८०० रुपये. जुन्या प्रणालीत ८०-सी चे दीड लाख आणि घराच्या व्याजाचे दोन लाख असे दोन्ही पूर्ण वापरूनही २ लाख ४१ हजार ८००. म्हणजे घरकर्जाच्या वजावटीच्या मोहाने जे जुन्या प्रणालीला चिकटून राहिले असते, त्यांना ती वजावट ९१ हजार रुपयांना पडली असती. दोन्ही पारडी समान व्हावयाची तर त्यांना या साडेतीन लाखांखेरीज आणखी सुमारे २ लाख ९२ हजारांच्या वजावटी दाखवाव्या लागल्या असत्या. तशी माणसे नाहीत असे नव्हे. ज्याचे स्वतःचे घर भोपाळात आहे, पण जो नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस भारी भाडे भरून राहतो, त्याला जुन्या प्रणालीत घरभाडे भत्त्याची सवलतही मिळते आणि कर्जाच्या व्याजाचीही. अशाने दोन्ही हिशेब कागदावर मांडून पाहावेत. पगारदाराला ही निवड दरवर्षी नव्याने करता येते. मात्र जुनी प्रणाली हवी असल्यास विवरणपत्र मुदतीच्या आत भरले पाहिजे. धंद्याचे किंवा व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्यांना असे दरवर्षी इकडून तिकडे जाता येत नाही.

आता आमच्या स्वतःच्या घराची गोष्ट सांगते, कारण तीत आम्ही दोघे शिकलेसवरलेले असून फसलो. फसवले कोणी नाही, आपल्याच पायांनी खड्ड्यात गेलो. २०२२ मध्ये आम्ही अवधपुरीच्या बाजूस घर घेतले. तेव्हा जुनीच प्रणाली आम्हांला फायद्याची होती. आमच्या राज्यात स्त्रीच्या नावे खरेदी केल्यास नोंदणी शुल्कात सवलत मिळते. ती मिळावी म्हणून रजिस्ट्री माझ्या एकटीच्या नावे केली. कर्ज मात्र दोघांच्या नावे निघाले, कारण माझ्या एकटीच्या पगारावर तेवढी रक्कम मंजूर होत नव्हती. आणि हप्ता जाऊ लागला यजमानांच्या खात्यातून, कारण त्यांचा पगार महिन्याच्या एक तारखेला जमा होतो आणि माझा सात तारखेला. सारे कसे सोयीचे! पुढल्या जानेवारीत यजमानांनी आपल्या कार्यालयात व्याजाचे प्रमाणपत्र दिले. लेखापालांनी विचारले, घर कोणाच्या नावे आहे? घराचा मालक नसलेल्या माणसाला त्या घराच्या व्याजाची वजावट मागता येत नाही, मग हप्ता तो भरीत असो वा नसो. मी माझ्या शाळेत तेच प्रमाणपत्र दिले. तेथे दुसरा प्रश्न आला: मालक तुम्ही आहात हे ठीक, पण तुमच्या खात्यातून यातला एक रुपया तरी गेला आहे काय? पैसे भरणारा मालक नव्हता आणि मालकाने पैसे भरले नव्हते. त्या वर्षीची वजावट आम्ही दोघांनीही मागितली नाही. नोंदणी शुल्कात जे वाचले होते, त्यातले बरेचसे असे निघून गेले.

त्या वर्षी मी जे शिकले ते असे. वजावटीसाठी तीन नावे जुळावी लागतात. खरेदीखतातले नाव, कर्जाच्या करारातले नाव आणि हप्ता ज्या खात्यातून जातो त्या खात्यावरचे नाव. ज्या पति-पत्नींची नावे तिन्ही ठिकाणी आहेत, त्यांना व्याजाची दोन लाखांची मर्यादा प्रत्येकी वेगळी मिळते, आणि ८०-सी ची दीड लाखांचीही. अर्थात घरातील आपापल्या हिश्श्याच्या आणि स्वतः भरलेल्या रकमेच्या प्रमाणात. एकाच घराला, एकाच कर्जाला, दुहेरी मर्यादा. जुनी प्रणाली ज्यांना लाभते त्यांना याचा उपयोग आजही आहे. परंतु हे सारे रजिस्ट्रीच्या आधी ठरवावयाचे असते. नंतर नाव घालावयाचे म्हणजे पुन्हा दस्त, पुन्हा मुद्रांक शुल्क. दुसऱ्या वर्षापासून माझ्या खात्यातून हप्ता जाऊ लागला. पगाराच्या तारखेचा प्रश्न बँकेने हप्त्याची तारीख दहा करून एका अर्जात सोडविला.

अजून बांधून न झालेल्या घराविषयी थोडे विस्ताराने बोलले पाहिजे, कारण कटारा हिल्सकडे काय किंवा नर्मदापुरम रस्त्याने काय, अर्धवट इमारतींची आमच्याकडे वाण नाही. घर पूर्ण होईपर्यंत व्याजाची वजावट मिळत नाही. माणूस एकीकडे भाडे भरतो, दुसरीकडे बँकेला व्याज देतो, आणि कराच्या बाबतीत त्याच्या हाती काही नसते. ते व्याज बुडते असे नव्हे. घर पूर्ण झालेल्या वर्षापासून ते पाच समान भागांत वजा करता येते; म्हणजे आधीच्या वर्षांत तीन लाख व्याज गेले असेल तर दरवर्षी ६० हजार, पण त्याच दोन लाखांच्या मर्यादेच्या आत. शिवाय आणखी एक अट आहे. ज्या आर्थिक वर्षात कर्ज घेतले त्याच्या अखेरीपासून पाच वर्षांत घर पूर्ण झाले पाहिजे. न झाल्यास दोन लाखांची मर्यादा कायमची ३० हजारांवर येते. बिल्डरचा विलंब आणि दंड मात्र खरेदीदाराला! म्हणून बांधकाम चालू असलेले घर घेताना ते 'रेरा'त नोंदविलेले आहे काय आणि पूर्ण होण्याची कोणती तारीख तेथे दिली आहे, हे पाहून घ्यावे. २०१६ च्या कायद्याने आलेल्या या प्राधिकरणाचे आमच्या राज्याचे कार्यालय भोपाळातच आहे, आणि प्रकल्पाची नोंद घरबसल्या संगणकावरही पाहता येते.

भाड्याने दिलेल्या घराचा न्याय निराळा आहे, आणि नव्या प्रणालीत कर्जाच्या व्याजाला जी काही जागा उरली आहे ती येथेच. समजा महिना १५ हजार भाड्याने घर दिले. वर्षाचे १ लाख ८० हजार. त्यातून भरलेला महापालिकेचा कर, समजा ६ हजार, वजा. उरलेल्या १ लाख ७४ हजारांतून दुरुस्ती-देखभालीसाठी सरसकट ३० टक्के वजा; आपण खर्च करा वा न करा. राहिले १ लाख २१ हजार ८००. यातून कर्जाचे सारे व्याज वजा करता येते, दोन्ही प्रणालींत. व्याज अडीच लाखांचे असेल तर भाड्याच्या उत्पन्नावर कर उरतच नाही, उलट सुमारे १ लाख २८ हजारांचा तोटा दिसतो. जुन्या प्रणालीत असा तोटा वर्षाला दोन लाखांपर्यंत पगारातून वजा करता येतो आणि त्यावरचा पुढील आठ वर्षे घराच्या उत्पन्नातून वळता होतो. नव्या प्रणालीत तो पगाराला हात लावू शकत नाही.

काही फुटकळ गोष्टी राहिल्या. कर्ज बँकेचेच हवे असे व्याजाच्या बाबतीत नाही. थोरल्या भावाकडून रीतसर व्याजाने पैसे घेतले आणि त्याने तसे लिहून दिले, तर त्या व्याजाची वजावट मिळते. भावाला मात्र ते व्याज आपल्या उत्पन्नात दाखवावे लागते. मुद्दलाच्या वजावटीसाठी बँक, गृहवित्त संस्था, सरकार असे कायद्याने नेमून दिलेले धनकोच लागतात. दुसरी गोष्ट, ताबा मिळाला त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांच्या आत घर विकले, तर मुद्दलापोटी आजवर घेतलेल्या वजावटी त्या वर्षीच्या उत्पन्नात परत मिळविल्या जातात. बदलीच्या नोकरीतल्या माणसाने हे विसरू नये. आणि ज्या दोन जादा वजावटींची नावे अजून लोकांच्या तोंडी आहेत, ८०-ईई आणि ८०-ईईए, त्यांपैकी पहिली आज चालते ती २०१६-१७ या वर्षात मंजूर झालेल्या कर्जांना, आणि दुसरी १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२२ या काळातल्या. नव्याने कर्ज घेणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही.

वीस वर्षांचे कर्ज आणि एका वर्षाचा अर्थसंकल्प यांचा मेळ बसत नाही, ही खरी अडचण आहे. व्याजाच्या वजावटीची मर्यादा १९९९ च्या अर्थसंकल्पात ३० हजारांवरून ७५ हजार झाली, पुढल्या वर्षी एक लाख, त्याच्या पुढल्या वर्षी दीड लाख. त्या तीन वर्षांत ज्यांनी कर्जे काढली त्यांना वाटले असेल की ही शिडी वर वर जातच राहणार. मग तेरा वर्षे ती हलली नाही. २०१४ मध्ये दोन लाखांवर आली आणि तेथेच थांबली. घरांच्या किमती काही थांबल्या नाहीत. इंग्लंडात घरकर्जाच्या व्याजावरची सवलत पुष्कळ वर्षे होती. १९८३ पासून तर ती थेट हप्त्यातूनच वजा होऊन मिळे. हळूहळू आक्रसत ती एप्रिल २००० मध्ये बंद झाली. अमेरिकेत ती आजही आहे, पण साडेसात लाख डॉलरांच्या कर्जापर्यंतच. आपल्याकडे कोणी ती रद्द केली नाही; जुन्या प्रणालीच्या कोठडीत ती शाबूत आहे. फक्त त्या कोठडीकडे जाणारी वाट दिवसेंदिवस ओस पडते आहे.

यावर काही श्रोते म्हणतील, मग घर घेऊच नये की काय? छे! मी स्वतः घेतले आहे आणि पावसाळ्यात आपल्याच छपराखाली पाऊस ऐकण्याचे सुख मी कोणत्याही कोष्टकात बसवू शकणार नाही. घर राहण्यासाठी घ्यावे. करासाठी घेऊ नये, आणि करासाठी कर्ज लांबवू तर मुळीच नये. हे दुसरे मी मुद्दाम सांगते. हाताशी चार पैसे असूनही 'व्याज कमी झाले तर कर वाढेल' या भीतीने कर्ज न फेडणारी माणसे मी पाहिली आहेत. आपल्या तीस लाखांच्या उदाहरणात पहिल्या वर्षाच्या अखेरीस एक लाख रुपये जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे सुमारे १८ हप्ते गळून पडतात. एका लाखापोटी पावणेचार लाखांच्या आसपास व्याज वाचते. व्याजाचा दर बदलता असेल तर राहत्या घराच्या कर्जाची अशी आगाऊ फेड केल्याबद्दल दंड आकारण्यास रिझर्व्ह बँकेने मनाई केलेली आहे. हे बँकेला विचारावे. आपण होऊन सांगण्याची घाई कोणाला नसते.

जुन्या प्रणालीत जे राहतील त्यांनी कागद मात्र चोख ठेवावेत. बँकेकडून व्याज आणि मुद्दल वेगवेगळे दाखविणारे प्रमाणपत्र दर एप्रिलात घ्यावे. ताब्याचे पत्र, खरेदीखताची प्रत आणि महापालिकेच्या कराच्या पावत्या एकाच पाकिटात असाव्यात. विवरणपत्रातही आता कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव, कर्जखात्याचा क्रमांक आणि मंजुरीची तारीख विचारली जाते. पूर्वीसारखा नुसता आकडा लिहून भागत नाही.

आमच्या सहकारी बाईंना मी हा सारा हिशेब चार पानांवर लिहून दिला. त्यांनी तो घरी नेला, आठ दिवस त्यावर काही बोलल्या नाहीत. मग एका शनिवारी शाळा सुटल्यावर मला त्या नव्या इमारतीकडे घेऊन गेल्या. घराचा बेत त्यांनी सोडला नव्हता. पाहून ठेवलेली तीन खोल्यांची सदनिका सोडून त्यांनी त्याच इमारतीत मागच्या बाजूची दोन खोल्यांची ठरविली होती. कर्ज तीसाऐवजी २४ लाखांचे. हप्ता २० हजार ८२८ रुपये. खरेदीखतात दोघांची नावे घातली, आणि हप्ता जाण्यासाठी दोघांचे एक नवे खाते उघडले. मागच्या खिडकीतून एक कडुलिंब दिसतो. पुढच्या सदनिकेतून रस्ता दिसला असता.